उचलणं आणि दाखवणं

मराठीत पोलीस ठाण्याभोवती दोन क्रियापदं फिरत असतात. माणसाला आधी ‘उचलतात’ आणि मग त्याची अटक ‘दाखवतात’. चहाच्या टपरीवर बातमी सांगणारा माणूस या दोन शब्दांची कधी गल्लत करत नाही. ‘मंगळवारी रात्री उचलला, गुरुवारी दाखवला’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं समजतं. मधले दोन दिवस कागदावर नसतात. स्टेशन डायरीत त्यांची नोंद नसते, घरच्यांना निरोप गेलेला नसतो, डॉक्टरांनी तपासलेलं नसतं. जे काही व्हायचं ते बहुतेक याच वेळात होतं. संशयितावर पोलिसांनी बळ किती आणि कसं वापरावं, याचे नियम या देशात दीडशेहून अधिक वर्षं लिहिले जात आहेत. ते सगळे नियम ओळीनं मांडून पाहिले, तर उचलणं आणि दाखवणं यांतलं अंतर बुजवायची ती एक लांबलेली धडपड दिसते.

ही गोष्ट ढोकीपासून सुरू करायला कारण आहे. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या खोऱ्यातलं हे मोठं गाव. लातूर–बार्शी रस्ता, तेरणा साखर कारखाना, जवळच गोरोबाकाकांचं तेर, आणि गावात पोलीस ठाणं. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, ती ढोकीवरूनच. त्या गाडीत बसलेला माणूस तासा-दोन तासांत एका राज्यातून दुसऱ्यात जायचा. बार्शी इंग्रजांची, येडशी आणि ढोकी निजामाची. अलीकडे फौजदार, पलीकडे अमीन. अलीकडचा कायदा इंग्रजीत, पलीकडच्या कोर्टाचं कामकाज उर्दूत. आणि या हद्दीच्या दोन्ही अंगांनी फिरणारी, फासे लावून तितर-लावे, ससे धरणारी पारध्यांची पालं. आज ढोकीत पारधी पेढी, म्हणजे पारध्यांची वस्ती, आहे, तशा पेढ्या जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. चोरी कुठंही झाली तरी पोलिसांची गाडी आधी कुठं वळते, हे या भागात शेंबड्या पोरालाही सांगता येतं.

या मुलखाचा आणि कबुलीचा संबंध जुना आहे. मे १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत धाराशिव–नळदुर्गचा टापूही कंपनी सरकारच्या कारभारात दिला. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्याचा कारभार पाहायला आला तो कॅप्टन मेडोज टेलर. त्याच्या नावावर तोवर एक गाजलेलं पुस्तक जमा होतं, १८३९ साली निघालेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी. पकडलेला ठग माफीचा साक्षीदार होतो आणि आपले खून एकेक करून सांगत जातो, अशी तिची मांडणी. विलायतेत ती भरपूर वाचली गेली. ठगांचा बंदोबस्त ज्या पद्धतीनं झाला, तिचा कणा असल्या कबुल्या हाच होता. एक फुटला की तो दहांची नावं सांगे. १८३६ च्या कायद्यानं तर अमुक खून तुम्हीच केला हे सिद्ध करायची गरजही ठेवली नाही. ठगांच्या टोळीतला असणं एवढंच जन्मठेपेला पुरे झालं. टेलर चांगला प्रशासक म्हणून नावाजला गेला आणि १८५७ मध्ये वऱ्हाडात बदलून गेला. १८६० मध्ये हा टापू परत निजामाकडे आला. पण त्या कायद्यातली कल्पना, की गुन्हा माणसाच्या हातात नसून त्याच्या जातकुळीत असतो, ती इथून गेली नाही.

टेलर नळदुर्गात असतानाच तिकडे मद्रास इलाख्यात सरकारला आपल्याच घरात डोकवावं लागलं. सारा वसूल करताना आणि गुन्ह्याचा तपास करताना सरकारी माणसं रयतेचा छळ करतात, अशी ओरड ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली आणि चौकशी आयोग बसला. १८५५ च्या त्याच्या अहवालात छळाच्या प्रकारांची नावं आहेत. ‘किट्टी’ म्हणजे लाकडी चाप, त्यात बोटं दाबायची. ‘अनुंदाल’ म्हणजे माणसाला वाकवून मान पायाशी बांधायची आणि तसंच उन्हात ठेवायचं. याच सुमाराला मुंबई इलाख्यात नाशिकचं प्रकरण उभं राहिलं. कागदपत्रांत गन्नू असं नाव असलेला एक संशयित, कबुली काढताना झालेल्या छळानं मेला. पोलिसांवर खटला चालला, पत्रव्यवहाराचे ढीग साचले. त्या काळचे इंग्रज अधिकारी सगळा दोष ‘नेटिव्ह’ शिपायाच्या स्वभावावर टाकत राहिले. त्या शिपायाकडून रोज कबुली मागणारी त्यांचीच व्यवस्था होती, हे मात्र त्यांनी फारसं बोलून दाखवलं नाही.

तरीही यातून जे कायदे निघाले ते साधे नव्हते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३३० आलं. कबुली काढण्यासाठी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. जबर दुखापत असेल तर कलम ३३१ खाली दहा वर्षांपर्यंत. कलम समजावं म्हणून खाली उदाहरणं दिली आहेत, आणि त्यातलं पहिलंच उदाहरण पोलीस अधिकाऱ्याचं आहे: त्यानं गुन्हा कबूल करून घ्यायला दुसऱ्याचा छळ केला, तर तो या कलमाखाली दोषी. जमीनदाराचं उदाहरणही त्यात आहे, पण शेवटी. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पहिला आला तो पोलीस. पुढच्याच वर्षी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात दुसरा नियम आला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात तो कलम २५ म्हणून कायम झाला: पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. विलायतेतही इतका कडक नियम नव्हता. सरकारनं स्वतःच्या पोलिसाच्या शब्दावर असा अविश्वास कायद्यातच लिहून ठेवला.

आणि लगेच दोन कलमं पुढं एक खिडकीही उघडी ठेवली. कलम २७. आरोपीनं कोठडीत सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही खुनाच्या, दरोड्याच्या खटल्यात ‘निवेदन पंचनामा’ नावाचा कागद असतोच, बोलीत ‘मेमोरंडम’. दोन पंच समोर बसवायचे आणि आरोपीनं म्हटल्याचं लिहायचं, की सदर हत्यार मी अमुक ठिकाणी लपवून ठेवलं आहे, सोबत चला, काढून देतो. मग गाडी निघते, विहिरीच्या काठाखालून किंवा कडब्याच्या गंजीतून वस्तू निघते, मुद्देमाल सील होतो. हजारो खटल्यांत शब्द जवळपास तेच. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं पुलुकुरी कोट्टया खटल्यात या कलमाची हद्द आखून दिली. पण वस्तू काढून देईपर्यंत आरोपीला बोलतं कसं केलं, हे त्या कागदात कधीच नसतं. कबुलीला दार बंद आणि कबुलीतून निघालेल्या वस्तूला खिडकी उघडी, या रचनेनं तपासाचं सगळं वजन पुन्हा कोठडीवर आणून ठेवलं. १९०२–०३ च्या फ्रेझर आयोगानं पोलीस खातं अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी असल्याची लोकभावना नोंदवली, तेव्हा हे कलम तीस वर्षांचं होतं.

ढोकीच्या बाजूला, निजामाच्या राज्यात, कोतवाली म्हणजे पोलीस खातं पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांनंतर, १८६५ च्या जिलाबंदीच्या, म्हणजे जिल्हे आखण्याच्या, काळात उभं राहिलं. जिल्ह्याला मोहतमीम, ठाण्याला अमीन, खाली जमादार. मराठी बोलणाऱ्या माणसाचा जबाब उर्दूत उतरे आणि खाली त्याचा अंगठा. गावात मात्र खरी राखण जुन्याच माणसांकडे होती. चोरी झाली की महार-मांग वतनदारांनी चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावावर. माग तुटला तर पहिला संशयित तोच, ज्यानं माग काढला. गावाची राखण आणि गावाचा संशय, दोन्ही एकाच घराच्या वाट्याला.

ही वतनं सोडा, असं सांगायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेब्रुवारी १९४१ मध्ये ढोकीला लागूनच असलेल्या कसबे तडवळ्याला आले होते. महार-मांग वतनदारांच्या त्या परिषदेची आठवण तडवळ्यात आजही जपली जाते. त्यांचं पुढचं एक काम मात्र तिच्याशी कुणी जोडत नाही, ते जोडायला हवं. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द वगळले गेले आणि त्यावर खूप नाराजी झाली. ती उणीव काही अंशी भरून काढावी म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी घटना समितीत नवं कलम मांडलं, १५-अ. तेच आजचं कलम २२. अटक केलेल्याला अटकेचं कारण सांगा, वकिलाशी बोलू द्या, आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करा. चोवीस तासांचा नियम फौजदारी कायद्यात आधीपासून होता, पण कायदा विधिमंडळाला बदलता येतो. आंबेडकरांनी तो मूलभूत हक्क केला. गावात चोरी झाली की सगळ्यांत आधी कुणाच्या घराकडं बोट जातं, हे तडवळ्याच्या मांडवात बसलेल्यांना सांगावं लागत नव्हतं. मसुदा समितीच्या अध्यक्षालाही नाही.

याच्या वर्षभर आधी हा जिल्हा भारतात आला होता. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या फौजा नळदुर्गात शिरल्या. पाच दिवसांच्या त्या लष्करी मोहिमेला सरकारनं नाव दिलं ‘पोलीस ॲक्शन’. मराठवाड्यातली जुनी माणसं अजून काळ त्यावरूनच मोजतात, ‘ॲक्शनच्या आधी, ॲक्शनच्या नंतर’. रझाकारांच्या जुलमातून सुटका झाली, तिचं मोल इथल्या माणसाला कळतं. मोहिमेनंतर मुसलमान वस्त्यांवर काय ओढवलं, हे पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव लिहिलं. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. बळ वापरल्याचा हिशेब दडवून ठेवण्याची सवय फक्त ठाण्यापुरती नाही.

आता पारध्यांकडं वळावं लागतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ठगविरोधी कायद्याचाच पुढचा अवतार होता. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यात लागू झाला. नोंदवही, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायला दाखला. सोलापुरात काटेरी तारांच्या आतली वसाहत उभी राहिली, तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. या कायद्यात पोलिसाला बळ वापरायला वेगळं कारण लागत नव्हतं. हजेरीला उशीर झाला हेच कारण. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. मात्र जमातींची यादी गेली आणि सराईत गुन्हेगारांची यादी आली. मुंबई राज्यानं त्याचा कायदा १९५९ मध्ये केला. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि फासेपारध्याच्या हातातला धंदाच गुन्हा ठरला.

या भागातल्या वस्तीवर पहाटे पडणारी धाड आतून कशी दिसते, हे मराठी वाचकाला पहिल्यांदा सांगितलं ते लक्ष्मण गायकवाड यांनी. ‘उचल्या’ १९८७ ला आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गायकवाडांचं धनेगाव लातूर तालुक्यातलं, आणि लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणजे त्या पुस्तकातलं बालपण घडलं ते याच जिल्ह्यात. पुस्तकाच्या नावात तेच क्रियापद आहे, फक्त कर्ता उलटा. जातीवर ‘उचलण्याचा’ शिक्का बसला आणि पोलिसांनी त्या जातीला उचलत राहायचं. याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सोबत्यांनी पारधी आणि इतर भटक्या जमातींच्या मुलांसाठी शाळा उभी केली.

महाराष्ट्रातल्या ठाण्यानं देशाचा कायदा बदलायला लावला, असं पहिलं मोठं प्रकरण देसाईगंजचं. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयानं दोषी धरलेल्या दोघांना सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. रात्रीच्या वेळी ठाण्याच्या आत प्रतिकार कशाला म्हणतात, हा प्रश्न चार कायदेतज्ज्ञांनी खुल्या पत्रात विचारला. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला, आणि संमती नव्हती असं बाईनं सांगितलं तर न्यायालयानं ते खरं धरून चालावं असं ठरलं. कोठडीतल्या मृत्यूबाबतही असंच गृहीतक असावं, म्हणजे पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या जखमांचा खुलासा पोलिसांनीच द्यावा, असं विधी आयोगानं १९८५ मध्ये सुचवलं. ते आजवर कायद्यात आलेलं नाही. एवढी एक दुरुस्ती झाली असती तर पुढची निम्मी प्रकरणं वेगळी गेली असती.

न्यायालयाचा मोठा निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल. सुरुवात झाली होती १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना गेलेल्या एका पत्रानं, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांसह. निकालात अकरा सूचना आहेत आणि त्या फार व्यवहारी आहेत, हे त्यांचं मोठेपण. अटक करणाऱ्याच्या छातीवर वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी. जागेवर अटकेचा मेमो करायचा, त्यावर तारीख आणि वेळ, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही, आणि आरोपीचीही. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. आरोपीनं मागितलं तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तिथंच लिहायच्या, खाली दोघांच्या सह्या, एक प्रत आरोपीला. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरांची तपासणी. बारा तासांत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला खबर आणि तिथल्या फलकावर नाव. या सूचना प्रत्येक ठाण्यात दिसेल अशा जागी लावायच्या, असंही निकाल सांगतो. बहुतेक सूचनांचा रोख एकच. ठाण्याबाहेरच्या कुणाला तरी, शक्य तितक्या लवकर, माणूस कुठं आहे ते कळलं पाहिजे.

दीड वर्षानं, जून १९९८ मध्ये, बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या मारहाणीत मेल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलियात बुधन सबर कोठडीत मेला होता, आणि मार्चमध्ये महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली होती. बुधनच्या प्रकरणात कोलकाता उच्च न्यायालयानं जुलैमध्येच भरपाई द्यायला लावली. पिन्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुण मुलांनी त्याच्या मृत्यूवर नाटक केलं. ती मुलंही एका विमुक्त जमातीतलीच. बसू निकालाची सूचना म्हणते, मेमोवर घरच्याची, नाहीतर प्रतिष्ठित माणसाची सही घ्या. घरचं कुणी जवळ नसेल तर पालात राहणाऱ्यानं प्रतिष्ठित साक्षीदार कुठून आणायचा, हे तिथं लिहिलेलं नाही.

नागपूरचं प्रकरण याहून आधीचं, पण त्याचा निकाल फार नंतर लागला. जून १९९३ मध्ये लुटीच्या तपासात पोलिसांनी एका माणसाला रात्री घरातून उचललं. खांबाला बांधून मारलं, मग राणी कोठी नावाच्या ठिकाणी नेऊन मारलं. सकाळी तो कोठडीत मेलेला होता. गुन्ह्याशी त्याचा संबंध असल्याचं पुढं काही निघालं नाही. खटला पंचवीस वर्षं चालला. ४ सप्टेंबर २०१८ रोजी, यशवंत विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षं केली. कलम कोणतं? ३३०. सात वर्षं ही त्या कलमातली सर्वांत मोठी शिक्षा. १८६० मध्ये ज्या गुन्ह्याचं उदाहरण छापलं होतं, त्यात पूर्ण शिक्षा होऊन ती टिकली असा हा महाराष्ट्रातला निकाल, आणि असे निकाल बोटांवर मोजण्याइतके. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २००१ ते २०१८ या काळात देशात १,७२७ माणसं पोलिसांच्या ताब्यात मेली. शिक्षा झालेले पोलीस २६.

सुधारणेच्या यादीत महाराष्ट्राच्या नावावर आणखी दोन गोष्टी आहेत. १९९५ ते १९९७ मध्ये मुंबईत झालेल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरच्या याचिकेतून सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे चकमकीच्या तपासाचे सोळा नियम आले: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडं द्या, घटनेनंतर लगेच खास बढती आणि शौर्यपदक देऊ नका. त्याच वर्षी वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या तरुणाच्या मृत्यूवरून मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते देशभर लागू केलं. अंधारात दिसेल असा कॅमेरा, आवाजासह, कोठडीपासून मागच्या दारापर्यंत, आणि चित्रण अठरा महिने जपायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांच्या बातम्या वाचून त्याच न्यायालयाला पुन्हा स्वतःहून विषय हाती घ्यावा लागला.

एवढ्या नियमांनंतरही माणूस दंडाधिकाऱ्यापुढं उभा राहतो ते पहिलं मिनिट पाहावं. दुपारची वेळ, रिमांडची रांग. दोन शिपायांच्या मधून एकजण पुढं येतो. विचारलं जातं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? तो मान हलवतो. कागदावर येतं, ‘आरोपीची पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही.’ सरकारी दवाखान्यातही तेच. डॉक्टर विचारतात तेव्हा आणणारा शिपाई दाराशीच असतो, आणि परत जायचं असतं ते त्याच्याच गाडीतून, त्याच कोठडीत. अजून पाच-सात दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, बाकी असलेला माणूस खरं बोलेल, अशी अपेक्षा त्या प्रश्नानं कशी ठेवावी?

परभणीत नेमकं हेच वाक्य पुढं आलं. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटलं, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे आलेला धक्का हे कारण आलं. दंडाधिकाऱ्यापुढं त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं. दंडाधिकारी चौकशीनं पोलिसांवर ठपका ठेवला. आईनं औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. तिच्या बाजूनं उभे राहिलेले वकील प्रकाश आंबेडकर, कलम २२ मांडणाऱ्याचे नातू. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३० जुलैला तिथंही तो आदेश कायम राहिला. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानंच करावी, हा नियम २००६ पासून लागू आहे. ठपका आल्यावर पुढं कुणी काय करायचं, हे कायद्यात नाही, आणि त्याचेही नियम घालून द्या अशी मागणी याच याचिकेत आहे.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांनी काही चांगलं केलं. झडतीचं चित्रण सक्तीचं झालं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं आलं, म्हणजे तपासाला कबुलीशिवाय दुसरा आधार मिळण्याची सोय झाली. कलम ३३० चं १२० झालं, पोलीस अधिकाऱ्याचं उदाहरण तसंच राहिलं. काही गोष्टी मात्र मागं गेल्या. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आधी पहिल्या पंधरवड्यातच संपत. आता ते चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानं घेता येतात, म्हणजे ठाण्यात परत जाण्याची भीती तितके दिवस माणसाच्या मानेवर राहते. सराईत गुन्हेगाराला बेडी घालायची मुभा कायद्यात लिहून आली. सराईत कोण, हे ज्या यादीवरून ठरतं तिचा इतिहास वर आलाच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीच्या नोंदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि विमुक्त जमातीच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घ्या, असं पोलिसांना बजावलं. आंतरराष्ट्रीय छळविरोधी करारावर भारतानं ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेनं संमत केलेलं छळविरोधी विधेयक राज्यसभेत अडकून बाद झालं.

ढोकीच्या पेढीवर आज रात्री गाडी आली, तर कायद्यानं काय व्हायला हवं ते स्पष्ट आहे. वर्दीवर नाव दिसेल. पालाबाहेर, बॅटरीच्या उजेडात, मेमो लिहिला जाईल. त्यावर घरच्या कुणाचा तरी अंगठा घेतला जाईल आणि कुठल्या ठाण्यात नेतोय ते घरच्यांना सांगितलं जाईल. मेमोत एक रकाना वेळेचा असतो, तास आणि मिनिटं लिहायचा. गाडी पेढीवरून हलली ती वेळ त्यात पडते, की दोन दिवसांनंतरची, हे तो रकाना भरणाऱ्या हातावर आहे.